परोपजीवी गांधील माश्या

हायमेनॉप्टेरा गणातील ज्या गांधील माश्यांची बालरूपे दुसऱ्या एखाद्या कीटकाच्या शरीरात किंवा शरीरावर वाढतात आणि वाढ पुरी होण्याच्या सुमारास त्या कीटकाचा अंत घडवून आणतात, त्यांना परोपजीवी गांधील माश्या म्हणतात. ज्याच्यावर असे पोषण होते त्या कीटकास पोषक ही संज्ञा आहे. पोषक बहुधा पतंग, फुलपाखरे, भुंगेरे, माश्या किंवा मावा यांपैकी असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पतंगांच्या अळ्यांवर व अंड्यांवर जगणाऱ्या जातींचा विचार केला आहे. गोंधळ टाळण्यासाठी येथे पतंगाच्या बालरूपास अळी आणि गांधील माशीच्या बालरूपास डिंभ म्हटले आहे.

परोपजीवी हा शब्द ऊ, गोचीड, जंत यांनाही लावला जातो. परंतु त्यांचा व या माश्यांचा जीवनक्रम एक नव्हे. जंत आपल्या पोषकाला सहसा मारीत नाही, कारण पोषकाच्या जगण्यावरच त्याचे जगणे अवलंबून असते. वाघासारखा भक्षक आयुष्यात अनेक सावजे मारतो आणि मारल्यावर ती खातो. या माश्यांचा डिंभ या दोहोंच्या मध्ये येतो. तो बहुधा एकाच पोषकावर वाढतो, त्याला गरजेपुरता काळ जिवंत राखतो आणि शेवटी त्याला मारतो. हा फरक ओळखून ओ. एम. रॉइटर या फिनलंडच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये अशा प्राण्यांसाठी स्वतंत्र संज्ञा सुचविली. मराठी शेतीविषयक लिखाणात ‘परोपजीवी मित्रकीटक’ असा शब्दप्रयोग आढळतो.

एक जुना गैरसमज : पनवेलजवळच्या पळस्पे येथे मुंबई-पुणे मार्गापासून गोव्याकडे जाणारा महामार्ग फुटतो. रायगड जिल्ह्याच्या या भागात रस्ते, गुदामे व वसाहती वाढल्या, तरी खरिपाचे मुख्य पीक भातच राहिले आहे. भाद्रपद-आश्विनात भात पोटरीत किंवा निसवण्याच्या अवस्थेत असताना कोकणातील अशा खाचरांत भाताच्या पातीवर कधीकधी कापसाचा बारीकसा पुंजका चिकटलेला दिसतो. निरखून पाहिल्यास तो तिळाएवढ्या पांढऱ्या कोषांचा गठ्ठा असल्याचे कळते. शेजारी एखादी मलूल, सुरकुतलेली अळी असते. ही बहुधा भाताच्या लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी (मिथिम्ना सेपरेटा) असते. पाहणाऱ्यास साहजिकच वाटते, की अळीने अंडी घातली आहेत. आणि अळीबरोबर तो पुंजकाही चिरडला जातो. वास्तविक अळी अंडी घालीतच नाही. अंडी घालतो तो पतंग. पातीवरील कोष कोटेशिया रुफिक्रस या गांधील माशीचे असतात व तिचे डिंभ त्याच अळीच्या पोटात वाढून बाहेर पडलेले असतात. म्हणजे चिरडणारा आपल्याच पिकाच्या राखणदारांची पुढची पिढी नष्ट करीत असतो.

ही चूक केवळ शेतकऱ्याचीच नव्हे. इटालियन निसर्गवैज्ञानिक आल्ड्रोव्हांडी यांनी कोबीवरील फुलपाखराच्या अळीजवळचे असेच कोष पाहून १६०२ मध्ये त्यांची नोंद केली, ती अळीची अंडी म्हणूनच. खरा उलगडा अठराव्या शतकाच्या आरंभी व्हाल्लिस्न्येरी यांनी केला. तोवर शंभर वर्षे उलटली होती.

आपल्याकडे हेच कोडे दुसऱ्या रूपात लोकांसमोर होते. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण एखादी हिरवी अळी आत नेऊन दार लिंपून टाकते व काही दिवसांनी त्या घरातून कुंभारीणच बाहेर पडते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. त्यावरून ‘कुंभारणीच्या घरातला किडा कुंभारणीचा’ ही म्हण पडली. अळी भ्रमरीचे चिंतन करता करता भ्रमरीच होते, हा भृंगकीटन्याय वेदान्तपर विवेचनात व संतवाङ्‌मयात दृष्टान्त म्हणून वारंवार येतो. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष तेवढा चुकला. कुंभारीण नांगीने अळीला बधिर करते व त्या कोठडीत स्वतःचे अंडे घालते. डिंभ अळी खाऊन वाढतो. कुंभारीण घर बांधून त्यात शिकार साठविते म्हणून तिची गणना काटेकोरपणे परोपजीवी माश्यांत करीत नाहीत, पण अळी न मारता बधिर ठेवण्याची तिची रीत यांच्याच रीतीशी नाते सांगणारी आहे.

स्वरूप व वर्गीकरण : आकारमानात विलक्षण विविधता आढळते. पतंगांच्या अंड्यात वाढणारी ट्रायकोग्रामा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, तर इक्न्यूमोनिडी कुलातील काही माश्या अंडनिक्षेपक (अंडी घालण्याची नळी) धरून काही सेंटिमीटर भरतात. शृंगिका लांब, पंख पारदर्शक व वक्ष आणि उदर यांमधील कंबर बारीक असते. नेहमीच्या गांधील माशीची नांगी म्हणजे अंडनिक्षेपकाचेच बदललेले रूप होय. परोपजीवी माश्यांत तो बहुधा अंडी घालणे आणि विष टोचणे ही दोन्ही कामे करतो. माणसाला या माश्यांपासून जवळजवळ उपद्रव नाही. इक्न्यूमोनिडी कुलात सुमारे २५,००० आणि ब्रॅकोनिडी कुलात २०,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. यांखेरीज कॅल्सिडॉयडिया हे मोठे अधिकुल आणि बेथिलिडी, सेलिओनिडी इ. कुले महत्त्वाची आहेत. पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती पतंगांच्या गर्दीत एखादी पिवळसर तांबूस, बाजूंनी चपट्या उदराची, सतत शृंगिका हालविणारी सडपातळ माशी दिसते. ती बहुधा एनिकोस्पायलस किंवा नेटेलिया या निशाचर प्रजातींपैकी असते. ज्या पतंगांच्या मध्ये ती फिरत असते, त्यांच्यासारख्यांच्याच अळ्यांवर तिची संतती वाढते.

पोषकाचा शोध : शेकडो पानांच्या गर्दीतून एक अळी हुडकणे हे मादीपुढील पहिले काम. त्यात तिला डोळ्यांपेक्षा शृंगिकांवरील गंधग्राहकांची मदत अधिक होते. अळीची विष्ठा, तिचे रेशीम, पतंगाच्या पंखांवरून गळलेले खवले यांचा माग ती काढतेच. पण सर्वांत दूरवरचा संकेत खुद्द वनस्पतीकडून येतो. टर्लिंग्ज, टमलिन्सन व लुईस यांनी १९९० मध्ये मक्यावर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की अळीने कुरतडलेले झाड काही तासांनी विशिष्ट बाष्पनशील द्रव्ये सोडू लागते आणि मादी त्या गंधाकडे उडत जाते. ब्लेडने कापलेल्या पानापासून असा परिणाम होत नाही. त्याच जखमेवर अळीची लाळ लावली तर होतो. झाड जखम आणि अळीची जखम यांत भेद करते, असा याचा अर्थ होतो. मादी शिकतेही : एकदा ज्या गंधाच्या ठिकाणी अळी मिळाली त्या गंधाकडे ती पुढे अधिक ओढीने जाते.

अळीच्या शरीरातील घडामोडी : परोपजीवी माश्यांच्या दोन रीती आढळतात. काही जातींची मादी अळीला विषाने कायमची लुळी करते व तिच्या अंगावर अंडी घालते. अशी अळी पुढे वाढत नाही. धान्यातील पतंगांच्या अळ्यांवरील ब्रॅकॉन हेबेटर व नारळाच्या काळ्या डोक्याच्या अळीवरील गोनिओझस नेफँटिडिस ही याची उदाहरणे होत. गोनिओझसची मादी अंडी घातल्यावरही निघून न जाता लुळ्या अळीजवळ बसून पिलांची राखण करते. दुसऱ्या रीतीत अळी टोचली गेल्यावरही हिंडते, खाते, कात टाकते आणि तिच्या आत डिंभ वाढत राहतो. ही रीत अधिक अवघड, कारण जिवंत अळीचे शरीर परक्या अंड्याला सहजासहजी राहू देत नाही. अळीच्या रक्तातील कोशिका (पेशी) परक्या वस्तूभोवती थरावर थर चढवून तिला गुदमरून टाकतात.

या प्रतिकारावर ब्रॅकोनिडी व इक्न्यूमोनिडी कुलांतील अनेक जातींनी जो उपाय साधला आहे, तो जीवविज्ञानातील अत्यंत आश्चर्यकारक प्रकारांपैकी एक होय. या माद्यांच्या अंडाशयाच्या टोकाजवळील कोशिकांत व्हायरसाचे कण तयार होतात व अंड्यांबरोबर ते अळीच्या शरीरात टोचले जातात. अंड्याच्या पृष्ठभागावरील अशा कणांचा छडा १९६७ मध्ये लागला आणि ते व्हायरसच असून अळीचा प्रतिकार मोडतात, हे १९८१ पर्यंत सिद्ध झाले. हे कण अळीच्या कोशिकांत शिरतात, तिच्या रक्तकोशिकांना निकामी करतात व हॉर्मोनांच्या (उत्तेजक स्रावांच्या) क्रमातही ढवळाढवळ करतात, त्यामुळे अळी कोषावस्थेत जात नाही. पण अळीत त्यांची संख्या वाढत नाही. ते तयार होतात फक्त गांधील माशीत, कारण त्यांचा आराखडा तिच्याच गुणसूत्रांत आहे. ब्रॅकोनिडी कुलातील व्हायरसांचे पूर्वज सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी गांधील माशीच्या पूर्वजांत शिरले असावेत, असे त्यांच्या जनुकांच्या तुलनेवरून मानले जाते. एकेकाळचा रोगकारक आता मालकिणीचे हत्यार बनला आहे. त्याच्या जोडीला मादीचे विष आणि काही जातींत अंड्याच्या आवरणातून सुटून अळीच्या रक्तात तरंगणाऱ्या मोठ्या कोशिकाही काम करतात.

आतील डिंभ आरंभी मुख्यतः रक्तावर व चरबीवर जगतो; हृदय, मज्जा व आतडे यांना धक्का लावीत नाही. अळी अकाली मेली तर तोही मरणार, हे त्याचे कारण. डिंभांची वाढ पुरी झाली, की ते अळीची त्वचा भोकसून बाहेर येतात व तेथेच रेशमी कोष विणतात. कोटेशिया प्रजातीत अळी त्यानंतरही काही दिवस जिवंत राहते, परंतु खात नाही. दक्षिण अमेरिकेतील एका संबंधित प्रजातीच्या बाबतीत तर अशी अर्धमेली अळी कोषांपाशी उभी राहून जवळ येणाऱ्या शत्रूंना डोके आपटून हाकलते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. चार्ल्स डार्विन यांनी १८६० मध्ये आसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात दयाळू ईश्वराच्या कल्पनेविरुद्ध याच माश्यांचा दाखला दिला होता. त्यांना पोटातील व्हायरसाची माहिती असती, तर त्यांनी आणखी काय लिहिले असते, याची कल्पनाच करावी.

बीजांडाचे फलन झाल्यास मादी व न झाल्यास नर निपजतो. मादी साठविलेले रेत वापरावे की नाही हे प्रत्येक अंड्यागणिक ठरविते व पुष्कळदा मोठ्या पोषकात मादीचे, लहानात नराचे अंडे घालते. कोपिडोसोमा फ्लोरिडानम या जातीत एकाच अंड्याचे विभाजन होऊन एका उंटअळीतून दोन हजारांवर माश्या निघू शकतात.

खोडातील अळी : ज्वारी व मक्याच्या खोडकिड्यावर (कायलो पार्टेलस) जगणारी कोटेशिया फ्लॅव्हिपेस ही भारतातील परिचित जात होय. दोन-तीन मिलिमीटरांची ही काळी मादी खोडातील भोकातून, विष्ठेने भरलेल्या बोगद्यात शिरून अळीपर्यंत पोहोचते. तेथे अळी चावते व पुष्कळ माद्या त्यातच मरतात. क्षणभराच्या दंशात ती ३०-४० किंवा अधिक अंडी सोडते. उष्ण हवेत १० ते १५ दिवसांत डिंभ बाहेर पडतात, आणखी ५ ते ७ दिवसांत कोषांतून माश्या निघतात आणि प्रौढ अवस्थेत त्या जेमतेम काही दिवस जगतात. तेवढ्यात योग्य वयाची अळी सापडली नाही, तर त्या मादीचा वंश तेथेच थांबतो. या जातीने परदेशातही नाव कमावले आहे : १९६० नंतरच्या दशकात ती भारतातून वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस येथे उसाच्या खोडकिड्यासाठी नेण्यात आली, पुढील दशकात ब्राझीलमध्ये तिचा प्रसार झाला आणि १९९३ मध्ये ती पाकिस्तानातून केन्यात सोडण्यात आली.

भातावरील खोडकिडा : कोकणात भाताचा खरा वैरी म्हणजे पिवळा खोडकिडा (सिर्पोफॅगा इन्सर्ट्युलस). त्याची अळी फुटव्यात शिरली म्हणजे गाभा सुकतो आणि निसवणीच्या वेळी शिरली तर दाणा न भरलेली पांढरी पळींज उभी राहते. अळी खोडात सुरक्षित असल्याने तिच्यावरील परोपजीवींचा जोर कमी पडतो. नियंत्रण व्हायचे ते अंड्यांच्या अवस्थेतच. पतंगाची मादी पातीच्या टोकाकडे अंड्यांचा पुंजका घालून त्यावर स्वतःच्या उदराचे तपकिरी केस पसरते. या आच्छादनाला तीन गांधील माश्यांनी तीन प्रकारे तोंड दिले आहे. टेलिनोमस प्रजातीची मादी पतंगाच्याच उदराच्या केसांना बिलगून प्रवास करते व अंडी पडू लागताच, केस पसरण्याच्या आत, आपले काम उरकते. टेट्रास्टिकस शोएनोबीचा अंडनिक्षेपक लांब असून तो केसांच्या थरातून आरपार जातो. तिचा एक डिंभ शेजारची दोन-तीन अंडी फस्त करतो. ट्रायकोग्रामा जपोनिकमला मात्र वरवरची अंडी तेवढी साधतात. गंमत अशी, की प्रयोगशाळेत सहज वाढविता येते ती हीच तिसरी, म्हणून शेतात सोडण्यासाठी तीच वापरली जाते.

पीक संरक्षणातील उपयोग : बंगलोर येथे १९५७ मध्ये राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र सुरू झाले. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचा आरंभ १९७७ मधील असून, त्यातून वाढत गेलेल्या संस्थेचे २०१४ पासूनचे नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो असे आहे. ट्रायकोग्रामा वाढविण्यासाठी तांदळावरील पतंगाची (कॉर्सायरा सेफॅलोनिका) अंडी कार्डावर चिकटवून त्यांवर माद्या सोडतात. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडतात. एका ट्रायकोकार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. कार्डाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूस टाचून भातात हेक्टरी ५० हजार ते १ लाख माश्या आठवड्याच्या अंतराने अनेक वेळा सोडण्याची शिफारस असते. कार्डे मुंग्या खातात. जोराच्या पावसात ती वायाही जातात. पतंग वाढविण्याच्या खोलीत ब्रॅकॉन हेबेटर शिरली, तर ती सगळ्या अळ्या लुळ्या करून टाकते, म्हणजे एक मित्रकीटक दुसऱ्याच्या उत्पादनावर पाणी फिरवतो.

एकाच माशीचा सर्वत्र उपयोग होत नाही. हरभऱ्यावरील घाटेअळीच्या (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) अंड्यांवर ट्रायकोग्रामा सोडून फारसा लाभ होत नाही, कारण हरभऱ्याची आंब, म्हणजे त्याच्या लवेतून स्रवणारे आम्ल, या इवल्या माश्यांना पानावर चालू देत नाही. तेथे काम करते ती कँपोलेटिस क्लोरिडी. ती घाटेअळीच्या लहान वयातच एकेक अंडे घालते आणि अळी मोठी होऊन घाटे पोखरण्याआधीच तिला संपविते. याउलट एकाच अळीत अनेक डिंभ वाढविणाऱ्या काही जातींत टोचलेली अळी निरोगी अळीपेक्षा अधिकच खाते. तेथे लाभ त्या पिकाला न होता पुढील पिढीच्या वेळी होतो.

कीटकनाशकांचा प्रश्न मुख्यतः वेळेचा आहे. अळ्या मोठ्या व डोळ्यांत भरण्याजोग्या झाल्या, की फवारणीचा विचार सुरू होतो. त्या सुमारास त्यांपैकी बऱ्याच अळ्यांत डिंभ असण्याची शक्यता असते. फवाऱ्याने अळी मेली, की आतील डिंभही मरतो. खोडातील किंवा जमिनीच्या भेगांतील अळी त्यातून वाचू शकते, मात्र उघड्यावर हिंडणारी प्रौढ माशी वाचत नाही. पतंगाची मादी शेकडो अंडी घालून लवकर सावरते, परोपजीवी माशीला मात्र आधी पोषक यावा लागतो व मगच तिची संख्या वाढते. त्यामुळे सरसकट फवारणीनंतर पुढील पिढीत अळ्यांचा उद्रेक अधिक तीव्र होतो, हा अनुभव अनेक पिकांत आलेला आहे. या लेखकाच्या मते सामान्य शेतकऱ्यासाठी माश्या सोडण्यापेक्षा असलेल्या माश्या राखणे अधिक स्वस्त व अधिक फलदायी आहे. बांधावरील फुलणारे गवत व रानझुडपे प्रौढ माश्यांना मध पुरवितात, ती सरसकट जाळू नयेत.

परोपजीवी माश्यांनाही परोपजीवी असतात. कोटेशियाच्या उघड्या कोषांवर इतर लहान गांधील माश्या अंडी घालतात व त्यांचे डिंभ आतील डिंभ खातात. भाताच्या पातीवरील पांढरा पुंजका चिरडण्याऐवजी तो पातीसकट काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला मलमलीचा तुकडा बांधल्यास सुमारे आठवडाभरात निकाल कळतो. कोषाचे टोक झाकणासारखे गोल कापून बाहेर आलेली, पारदर्शक पंखांची काळी माशी म्हणजे कोटेशिया होय; ती शेतात सोडून द्यावी. कोषाला कडेने वेडेवाकडे भोक पडले असल्यास त्यातून निघाला तो बहुधा तिचा शत्रू असतो.